लिमरिक ते गॉलवे: न तुटणाऱ्या फुंकेसाठी एक दिवस

मे २०२१मध्ये आयर्लंडात काउंटीची, म्हणजे इथल्या जिल्ह्याची, हद्द ओलांडायची बंदी उठली आणि मी पहिला फोन केला तो गॉलवेच्या ओयुनाला. ओयुना मूळची मंगोलियाची. लिंबे नावाची तिकडची आडवी बासरी वाजवते आणि शिकवते. लॉकडाऊनमध्ये पाच महिने मी तिच्याकडे ऑनलाइन शिकत होते. लिंबेची खरी गंमत श्वासात आहे: नाकाने हवा आत घेत असतानाच तोंडाने फुंकत राहायचं, म्हणजे लांबलचक सुरांचं गाणं कुठेही न तुटता शेवटपर्यंत जातं. दहा वर्षं बासरी वाजवलेली मी, पण इथे काही माझी डाळ शिजेना. ती म्हणाली, ये आणि समोर बस.

नवऱ्याची प्लांटमध्ये शिफ्ट होती, म्हणून अप्पांनाही गाडीत घातलं. अप्पा म्हणजे माझे सासरे. हुपरीला चांदीकामात हयात गेली. तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्याने इथेच अडकले. त्यात जानेवारीत कोविड झाला. डॉक्टरांनी ‘यू आर ग्रँड’, म्हणजे ठणठणीत आहात, म्हणून घरी सोडलं, पण अप्पांनी मनाशी ठरवूनच टाकलं की आपला दम संपला. जिना चढेनात, बोलेनात. आदल्या रविवारी तर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, हुपरीचं दुकान विकून टाक, आता फुंकणी धरायचं बळ नाही. मला राग आला आणि रडूही. म्हटलं, निदान समुद्र तरी बघतील.

जाणाऱ्यांसाठी सांगते: लिमरिकहून मोटरवेने सव्वा तास पुरतो. सकाळी लवकर निघा, गॉलवेत शिरताना ट्रॅफिक जीव खातो. हॉटेलात आत बसायला तेव्हा परवानगी नव्हती, त्यामुळे वाटेत गॉर्टला थांबून गाडीतच धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. अख्ख्या रस्त्यात अप्पा दोन वाक्यं बोलले, दोन्ही मेंढ्यांबद्दल.

ओयुनाने गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून अंतरा-अंतरावर खुर्च्या मांडल्या होत्या. तिने मीठ घातलेला दुधाचा चहा दिला. अप्पांनी तो तोंड वाकडं न करता संपवला, याला म्हणतात संस्कार! मग माझी परीक्षा. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून फुंकायचं, बुडबुडे थांबता कामा नयेत. ते जमलं की मेणबत्ती: ज्योत वाकलेली राहायला हवी, विझायला नको. माझे बुडबुडे दर वेळी थांबले. मेणबत्तीवर तर गॉलवेच्या वाऱ्याचाच हक्क होता. पाऊण तासात माझे कान लाल झाले.

दाराशी बसलेल्या अप्पांना शेवटी राहवेना. “पोटातनं कशाला जोर लावतीयास? गालात साठीव. गालातली सोडत असतानाच नाकानं घे.”

मी ते ओयुनाला इंग्रजीत सांगितलं. तिने दुसरा ग्लास भरला आणि नवी स्ट्रॉ अप्पांपुढे धरली. त्यांनी मान हलवली. छातीच राहिली नाही, म्हणाले. ओयुना म्हणाली, याला छाती लागत नाही, गाल लागतात. आमच्याकडे म्हणतात की हा श्वास मुळात धातूचं काम करणाऱ्यांचा. त्यांना ज्योत तुटू देऊन चालायचं नाही. मी शब्दन् शब्द मराठीत सांगितला.

मग त्यांनी मास्क खाली ओढला आणि स्ट्रॉ तोंडात धरली.

बुडबुडे सुरू झाले ते थांबेचनात. गाल टम्म, नाकपुड्या हलतायत, डोळे बारीक. मी घड्याळ बघत होते, मग बघायचंच सोडून दिलं. ओयुनाने लिंबे मांडीवर ठेवली आणि हसायला लागली. मला मात्र हुंदका आला, खोटं कशाला सांगू.

स्ट्रॉ काढून अप्पा म्हणाले, “पैंजणाला डाग देताना फुंक तुटली की काम वाया. चाळीस वर्सं तुटू दिली न्हाई.” डाग म्हणजे चांदीचा सांधा; फुंकणीने ज्योत त्यावर सलग फुंकत राहिलं तरच तो जुळतो.

त्यानंतर गुरू बदलले. मी चुकले की अप्पा स्वतःच्या गालावर बोट आपटून दाखवायचे. अडीच वाजता माझं गाणं पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग गेलं. ओयुनाने ते पुन्हा वाजवायला लावलं, आणि पुन्हाही गेलं!

परतताना सॉल्टहिलला थांबलो. चिप्स कठड्यावर बसून खा, पण सीगलवर नजर ठेवा. समुद्राकाठच्या रस्त्याच्या टोकाला एक भिंत आहे, तिथवर चालत जाऊन तिला लाथ मारायची इथली रीत. मी गाडीने नेते म्हटलं, तर अप्पा चालू लागले, एकदाही न बसता टोकापर्यंत. भिंतीला आधी नमस्कार केला, मग बुटाचं टोक हळूच टेकवलं.

आता माझं गाणं बहुतेक दिवशी सलग जातं. पण त्या दिवसाची खरी कमाई ती नव्हे. संध्याकाळी घरी पोचलो, नवरा दारातच उभा होता. अप्पांनी बूट काढता काढता विचारलं, दुकानाचं कुणाशी बोललास का? नाही अजून, तो म्हणाला.

“बोलू नगंस. मी येतोय म्हनून सांग.”