दुनालीबरोबर आलेलं नाव

आमच्या अण्णांना बंदुकीच्या आवाजाची भीती वाटायची. हे झाशीत कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही, कारण रेल्वे कॉलनीपासून सदर बाजारापर्यंत अर्ध्या लोकांनी त्यांना लग्नकार्यात बंदुकीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. वरातीत कुणी हवेत बार काढायला लागलं की अण्णा हळूच मंडपामागे जायचे, खिशातला कापूस कानात कोंबायचे आणि छाती काढून परत यायचे. खांद्यावर त्यांची स्वतःची दोन नळ्यांची बंदूक असायची, पण तिच्यात काडतूस कधी नसायचं. आई म्हणायची, "सवत आणली ती आणली, तीही मुकी."

अण्णा साताऱ्याकडचे. रेल्वेत लागले आणि बदली होत होत झाशीला आले ते तिथेच राहिले. पार्सल ऑफिसात खिडकीशी बसायचे. लोक त्यांना 'ए बाबू' म्हणायचे, फार तर 'पार्सलबाबू'. घरात आम्ही मराठी बोलायचो, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. अण्णांची हिंदी मात्र शेवटपर्यंत सातारीच राहिली आणि हमाल त्यांच्या पाठीमागे तिची नक्कल करायचे. आम्हाला ते ऐकू यायचं. त्यांनाही येत असणार.

त्या खिडकीतून अण्णांनी एक गोष्ट मात्र नीट पाहून ठेवली होती. समथर, गरौठा या बाजूचे ठाकूर लोक खांद्यावर बंदूक लटकवून स्टेशनात यायचे. अंगातला सदरा मळका का असेना, त्यांच्यासाठी कुणीतरी स्टूल आणायचं, चहा यायचा, आणि रांगेत उभं राहा असं त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या आपसांतही पायऱ्या असायच्या. देशी एकनालीवाला बाकावर बसलेला असला आणि विलायती दुनालीवाला, म्हणजे दोन नळ्यांच्या बंदुकीचा धनी, आला, तर एकनालीवाला उठून जागा द्यायचा. "इथं माणसाचं तोंड कोण बघतं? खांदा बघतात," असं अण्णा जेवताना म्हणायचे. आम्ही हसायचो. ते हसत नसत.

समथरच्या एका म्हाताऱ्या ठाकुराशी अण्णांचा घरोबा होता. तो मुलाला तुपाचे डबे रेल्वेनं पाठवायचा आणि पावती होईपर्यंत अण्णांशी गप्पा मारत बसायचा. गावात त्याला सगळे 'दाऊ' म्हणायचे. थोरल्या, मानाच्या माणसाला तिकडे तसं म्हणतात. त्याची मुलं शहरात गेली, बंदूक वागवणारं कुणी उरलं नाही. तेव्हा अण्णांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवून परवाना मिळवला आणि ती दुनाली रीतसर विकत घेतली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, घोड्याजवळच्या पत्र्यावर कोरलेली बदकांची जोडी. ती अण्णांच्या खांद्यावर चढवताना म्हातारा म्हणाला, "बाबूजी, जा दाऊ की बंदूक आय. अब दाऊ तुम." ही दाऊची बंदूक, तेव्हा आता दाऊ तुम्ही.

आणि खरंच तसं झालं. बंदुकीबरोबर नावही आलं. हमाल दाऊ म्हणायला लागले, पानवाला म्हणायला लागला, आणि एकदा तर स्टेशन सुपरिंटेंडेंटसाहेब गमतीनं का होईना 'काय दाऊ?' म्हणाले, तर अण्णा घरी येऊन ते तीनदा सांगत होते. रविवारी सकाळी ते अंगणात चटई टाकून बंदुकीला तेलपाणी करायचे. आईनं तिच्यासाठी आपल्या जुन्या लाल लुगड्याची खोळ शिवून दिली. बडबडत शिवली, पण टाके असे बारीक घातले की जणू लेकीचं परकर-पोलकं शिवत होती. दसऱ्याला शस्त्रपूजेत आमच्याकडे आजवर विळी, कात्री आणि अण्णांचं फाउंटनपेन असायचं. आता मधोमध दुनाली झोपायची, झेंडूची माळ घालून.

आमंत्रणं यायला लागली. ज्यांची आमची ओळख नाही अशांच्या घरचीही. "दाऊ, बिटिया के ब्याव में आउने है. और बंदूक लेत आइयो." आई एकदा म्हणाली, "बोलावणं बंदुकीला आहे. तुम्ही तिचे हमाल." अण्णा हसले खरे, पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

मग ताईचं स्थळ आलं.

माझी थोरली बहीण दिसायला साधी, बोलायला हजरजबाबी, आणि अण्णांची फार लाडकी. पुण्याच्या मावशीनं स्थळ सुचवलं होतं. मुलगा बँकेत, घरी आई आणि काका. पत्रिका जुळल्या होत्या, फोटो पसंत होता, फक्त बघायचं राहिलं होतं. ते तिघं मुद्दाम एवढा प्रवास करून झाशीला येणार होते. आमच्या घरी आठवडाभर धुणं-पुसणं चाललं होतं. मलासुद्धा ताई पडदे नीट लावले नाहीत म्हणून ओरडली. ती कधी ओरडायची नाही.

अण्णांनी ठरवलं की पाहुण्यांचा मान ठेवायचा. आणि आता अण्णांना मान म्हणजे काय ते झाशीनं शिकवलेलं होतं. तिकडे व्याह्यांना घ्यायला बंदूकवाले जातात. जितक्या बंदुका जास्त, तितका यजमान मोठा. आई म्हणाली, "अहो, पुण्याची माणसं आहेत." अण्णा म्हणाले, "म्हणून तर. त्यांना कळू दे मुलगी कुणाची आहे." त्यांनी कोटावरून आडवा काडतुसांचा पट्टा घातला, त्यातली काडतुसं रिकामी होती, आणि दुनाली खांद्यावर टाकली. बरोबर दोन ठाकूर मित्र, त्यांच्या दोन बंदुका, त्यांच्या मिशा. मी हौसेनं मागे गेले.

गाडी लागली. वाफ जरा विरली आणि डब्याच्या दारात मुलाची आई दिसली. नऊवारी, हातात पितळी फिरकीचा तांब्या. तिनं समोर पाहिलं आणि उतरता उतरता थांबली. काकांनी तिला मागे ओढलं. त्यांना वाटलं असावं की गाडी भलत्याच ठिकाणी थांबली. तेवढ्यात अण्णा पुढे झाले, हात जोडले आणि साताऱ्याच्या मराठीत म्हणाले, "या, या! प्रवास सुखाचा झाला ना?" बाईंचा जीव काही भांड्यात पडला नाही. टांग्यात त्या काकांच्या आणि मुलाच्या मधे बसल्या आणि घर येईपर्यंत तांब्या पोटाशी धरून होत्या.

बैठकीत अण्णांनी बंदूक खुंटीला न लावता भिंतीशी उभी केली, दिसेल अशी. काका खुर्ची इंच इंच सरकवत होते. बाईंनी विचारलं, "ही... इकडे रोजच लागते का?" एवढं साधं नाही म्हणायचं होतं. पण अण्णा म्हणाले, "लागते म्हणजे काय! हा बुंदेलखंड आहे!" आणि त्यांनी दरोडेखोरांच्या गोष्टी सुरू केल्या. त्यांनी आयुष्यात एकही दरोडेखोर पाहिलेला नव्हता. खिडकीशी ऐकलेलं सगळं त्यांनी स्वतःच्या नावावर सांगितलं. ताई पोहे घेऊन आली, बशा दिल्या, बशा उचलल्या. मुलगा एकटाच हसत होता. अंगणात हात धुवायला गेला तेव्हा त्यानं ताईला काहीतरी विचारलं आणि ताईही हसली. ते गेल्यावर केस विंचरताना ती मला म्हणाली, "दात थोडे पुढे आहेत गं त्याचे. पण हसला की ते बरेच दिसतात." एवढंच. पण ताईच्या तोंडून एवढं म्हणजे खूप होतं.

नकार आला. पत्रिका जमत नाही म्हणून. जुळलेल्या पत्रिका आता जमत नव्हत्या. खरं कारण मावशीनं सुट्टीत आल्यावर स्वयंपाकघरात सांगितलं. त्या बाई म्हणाल्या होत्या, मुलगी सोन्यासारखी, पण ती माणसं आता आपल्यातली राहिली नाहीत, मुलगा सासुरवाडीला पाठवायचा तर धास्तीच. आई कपाळावर हात मारून तशीच चुलीपुढे बसली. ताई कणीक मळत होती. ती म्हणाली, "हे अण्णांना कुणी सांगायचं नाही." आम्हा तिघींकडून तिनं शपथ घेतली.

अण्णा बाहेरून आले आणि त्यांनी विचारलंच, "काय म्हणतात पुण्याचे? खरं कारण काय?" मावशी गडबडली. ताई हात पुसत म्हणाली, "मीच मुलाला अंगणात सांगितलं, मला इतक्या लांब यायचं नाही म्हणून." अण्णांचा आवाज इतका चढलेला मी पुन्हा कधी ऐकला नाही. शिकलीस म्हणून शेफारलीस, बापाला मान खाली घालायला लावलीस, अजून काय काय. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि पोळ्या लाटायला बसली. पुढे बरेच दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिच्या हातचा चहा घ्यायचे, पण कप तिच्या हातून नाही, टेबलावरून उचलायचे.

मला त्या वेळी अण्णांचा राग यायचा. आता वाईट वाटतं, दोघांचंही. ज्या बंदुकीनं मुलीचं मोडलं तीच खांद्यावर टाकून तो भोळा माणूस दुसऱ्यांच्या मुलींची लग्नं सजवत हिंडत होता, आणि ताई त्याच बंदुकीची खोळ धुऊन इस्त्री करून देत होती.

ताई रेल्वेच्या शाळेत शिकवायला लागली. स्थळं येत राहिली, तिनं एकालाही होकार दिला नाही. मग एकदा अण्णा कुठल्याशा मुंजीसाठी पुण्याला गेले आणि परत आले ते गप्प गप्प. आल्या आल्या त्यांनी दुनाली खोळीत घालून कपाटामागे उभी केली. त्यानंतर कुठल्याही लग्नाला नेली नाही. पानवाल्यानं विचारलं, "काय दाऊ, बंदूक किते गई?" तर म्हणाले, "थाने में जमा है. इलेक्शन है ना." निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात ठेवाव्या लागतात, तेवढं निमित्त. आमंत्रणं हळूहळू आटली. दाऊ म्हणणारेही कमी झाले. आम्हाला वाटलं, वय झालं, कंटाळले.

माझं लग्न ताईच्या आधी झालं, तिनंच हट्ट धरला म्हणून. माझं सासर ग्वाल्हेरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडे राहिलेलं, शिपाईगिरीचा अभिमान असलेलं मराठी घर. लग्न रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये होतं. वरात दारात आली ती बंदुकांसकट. आणि माझे सासरे हात जोडून अण्णांना म्हणाले, "आपल्या दुनालीचं फार ऐकून होतो. दिसत नाही कुठे?"

मी आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसले होते. दार अर्धं उघडं होतं, सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

"ठाण्यात जमा आहे," अण्णा म्हणाले. "इलेक्शन..."

"आत्ता कुठलं इलेक्शन?" कुणीतरी म्हणालं आणि वरातीत खसखस पिकली. वाईट हेतूनं नव्हे, पण पिकली. अण्णांचा डावा हात खांद्याकडे गेला, बंदुकीचा घसरलेला पट्टा वर ओढायची त्यांची जुनी सवय होती, आणि पट्टा नाही हे लक्षात येऊन खाली आला.

ताई माझ्या शेजारी होती. उठली आणि निघून गेली. वराला ओवाळून होईतो ती रिक्षानं क्वार्टरवर जाऊन परतसुद्धा आली. हातात लाल लुगड्याची खोळ होती. तिनं अण्णांना माझ्या खोलीबाहेरच्या बोळात बोलावलं, खोळ काढली आणि दुनाली त्यांच्या खांद्यावर चढवली. अण्णा दोन्ही हात मागे घेत होते.

"नको," ते म्हणाले. "पुण्यात कळलं मला. हिच्यापायीच तुझं..."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पोह्यांच्या बशा उचलत होते तेव्हापासून."

"मग माझी बोलणी का खाल्लीस?"

ताई पट्ट्याचं बक्कल लावत होती. म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही ही देऊन टाकली असती. मग तुम्हाला दाऊ कोण म्हणालं असतं?"

बाहेर वरातीतल्या कुणीतरी हवेत बार काढला. मी दचकले. अण्णांचा हात ना खिशातल्या कापसाकडे गेला, ना कानाकडे.

"तू अण्णा म्हणत होतीस की गं," ते म्हणाले. "मला तेवढं पुरलं असतं."

ताईनं खोळीची घडी घातली आणि पंगतीची पानं मांडली का ते बघायला गेली.