पुंजाजीचा बाजार

पुंजाजी अभ्यासाला बसायचा नाही, अभ्यासाला निघायचा. खांद्याला मळकी कापडी थैली अडकवायची, पायांत चपला सरकवायच्या आणि हॉस्टेलच्या लांब व्हरांड्यात डोळे अर्धवट मिटून चालत सुटायचं. पाच-सहा पावलं गेला की थांबायचा, उकिडवा बसायचा, समोर कुणीतरी आहे अशा थाटात मान हलवून पुटपुटायचा, थैलीचं तोंड उघडून मिटायचा आणि पुढे निघायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, परीक्षेच्या धसक्याने पोरगं कामातून गेलं. मी विचारलं, "काय हरवलंय रे?" डोळे न उघडता तो म्हणाला, "गप बे. मी मिरचीपाशी हाव."

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या मेडिकल कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगून कुणाचं भलं व्हायचं नाही. पुंजाजी आखाडे डोणगावचा आणि मी मेहकरचा. एसटीने जेमतेम तासाभराचं अंतर. पण माझे वडील वकील. आमच्या घरात 'मले-तुले' तोंडातून निघालं की आई डोळे वटारायची. त्यामुळे हॉस्टेलवर मी बेमालूम पुण्याच्या मुलांत खपून गेलो होतो. पुंजाजीने मात्र पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर विचारलं, "तू मेहकरचा ना बे? मंग असा काऊन बोलून राह्यला, नाक दाबल्यावानी?" सगळे हसले. मीही हसलो, आणि ते मनात धरून ठेवलं. मी तसलाच माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तर मिरचीपाशी म्हणजे काय. पुंजाजी मॅट्रिकपर्यंत मराठीत शिकलेला. औषधांची आणि रोगांची ती लांबलचक इंग्रजी नावं त्याच्या डोक्यात ठरतच नव्हती. सकाळी पाठ केलेलं दुपारी गायब. औषधशास्त्राच्या एका चाचणीत तो नापास झाला होता. वर्षाला एकदाच नापास होणं माफ. पुन्हा नापास झाला की फीची सवलत बंद आणि कॉलेजही बंद. "बापानं सांगतलं हाय," तो म्हणायचा, "दुसऱ्यानं नापास झाला त सरळ वखरावर ये, तोंड लपवू नको." मग त्याने एक गोष्ट शोधून काढली. डोणगावच्या आठवडी बाजारात कोण कुठे बसतं हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता येत होतं. वर्षानुवर्षं जो तो आपापल्या जागेवर. त्याने एकेका माणसापुढे एकेक औषध, एकेक रोग नेऊन ठेवला. "नाव इसरते माणूस," तो म्हणायचा, "माणसाले नाही इसरत."

कोंडाबाई मिरचीवाली म्हणजे अ‍ॅट्रोपिन. तोंडाला कोरड, चेहरा लालबुंद, डोळे मोठ्ठे, आणि ऊन चढलं की असंबद्ध बडबड. रहेमतबी बांगड्या भरायची. तिला ऐकू येत नसे आणि उठून उभी राहिली की चक्कर यायची. ती क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन, कारण त्या सुईने कान जातात. टोपल्या-शिड्या विकणारा बुरूड म्हणजे टायफॉइड. "ताप रोज शिडीची एक पायरी चढते," पुंजाजी सांगायचा, "पन नाडी? नाडी खाली टोपली इनत बसते. तिले घाई नाही." ताप चढतो आणि नाडी मागे राहते, ही खूण आमच्या सरांनी तीन तास घालून शिकवली होती आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना कळली नव्हती. हळदवाले गणपतमामा म्हणजे हृदयाचं औषध, डिजिटॅलिस. मामा हळू बोलणार, हळू चालणार, एक दिवसासाठी म्हणून पाहुणे आले की आठ दिवस हलणार नाहीत. तसंच हे औषध; नाडी मंद करतं आणि अंगात साठत जातं. फार साठलं की रोग्याला मळमळतं, ओकारी होते, नाडी अडखळते आणि सगळं पिवळं दिसायला लागतं. मामांच्या दुकानात आणखी काय दिसणार?

पुस्तकात एका जंतूला द्राक्षांच्या घडाची उपमा होती. पुंजाजीने द्राक्षाचा घड पाहिलाच नव्हता. तो म्हणाला, "आपून ज्वारीचं कनीस म्हनू, काय बिघडते?" सूक्ष्मदर्शकात पाहून मी कबूल केलं, कणीसच जास्त जुळतं.

हळूहळू संध्याकाळी हॉस्टेलच्या पायऱ्यांवर त्याच्याभोवती पोरं जमायला लागली. पुण्याची, नागपूरची, सगळी. "चाला, बजारात चाला," तो म्हणायचा आणि सगळ्यांना एका टोकापासून फिरवून आणायचा. कुणी पुढचं विचारलं की दटावायचा, "घाई नको करू बे. घाईत घेतलं का सडकं पदरात पडते." त्या वर्षी पुढच्या चाचणीत आमच्या मजल्यावरचं एकही पोरगं नापास झालं नाही. पुंजाजीही काठावर पास झाला. त्याला लेखी जमायचं. तोंडी परीक्षेत वेळ लागायचा, कारण त्याला बाजारात चालत जावं लागे.

दिवाळीच्या सुट्टीत तो मला डोणगावला घेऊन गेला. मी अजून तो दिवस विसरलेलो नाही, विसरणं बरं झालं असतं. बाजार खरोखर त्याच क्रमाने बसलेला. मी बघतोय तर अ‍ॅट्रोपिन मिरच्या तोलतंय, आणि त्याच्या पलीकडे स्ट्रेप्टोमायसिन एका पोरीच्या हातात हिरव्या बांगड्या भरतंय. मला वाटलं होतं, हे त्याच्या डोक्यातलं गुपित असेल. छे! त्याने प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं. कोंडाबाईने मला नीट न्याहाळलं. "हा तुहा दोस्त का रे, पुंजा? याच्याबी ध्यानात हाव का मी?" पुंजाजी म्हणाला, "याच्याच काय, चाळीस पोराईच्या ध्यानात हाय तू." ती एवढी खुलली की तिने मला मूठभर मिरच्या फुकट दिल्या. रहेमतबीच्या कानाशी तोंड नेऊन त्याने ओरडून सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "मेरी दवा से आदमी बचता है ना, बेटा?" "बचता है, चाची!" तो ओरडला. कानांचं त्याने तिला सांगितलं नव्हतं. निघताना गणपतमामा सावकाश म्हणाले, "पुंजा, डाक्टर झाला का पयले बजारात येजो. आमी सारे वाट पाहून राह्यलो." त्याच्या बापापेक्षा त्या बाजारालाच त्याच्या पास होण्याची जास्त आस लागली होती.

आणि मी काय केलं? फेब्रुवारीत कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. मला नकला करायची हौस. मी पुंजाजीकडे त्याची थैली मागितली. त्याने कशाला म्हणून विचारलंसुद्धा नाही. "नाटकाले पायजे? घे ना बे." मी स्टेजवर थैली अडकवून, डोळे मिटून चाललो, उकिडवा बसलो आणि खणखणीत वऱ्हाडीत ओरडलो, "ओ मामा, दोन आन्याचं डिजिटॅलिस द्या, पिवळं पाहून द्या! कोंडाबाई, तुहे डोये काऊन एवढे वटारले वं?" हॉल नुसता कोसळत होता. औषधशास्त्राचे सर पहिल्या रांगेत होते, चष्मा काढून डोळे पुसत होते. लोक म्हणाले, काय हुबेहूब नक्कल! हुबेहूब होणारच. ती भाषा माझीच होती, आईने दाबून ठेवलेली.

पुंजाजी तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. सुरुवातीला तोच सगळ्यांत मोठ्याने हसत होता. त्याला वाटलं असावं, आपला बाजार दोस्ताने एवढ्या मोठ्या लोकांपुढे मांडला. मग कधीतरी त्याचं हसणं थांबलं. नंतर थैली परत घेताना तो एवढंच म्हणाला, "चांगलं केलं. पन कोंडाबाई अशी खेकसत नाही." मला लाज वाटायला हवी होती. मला टाळ्याच ऐकू येत होत्या.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा. एक जण टेबलासमोर आणि पुढचा नंबर मागच्या खुर्चीवर, अशी पद्धत. पुंजाजी समोर, मी मागे. आमचे सर आणि बाहेरून आलेले एक परीक्षक. सरांनी विचारलं, "डिजिटॅलिस जास्त झालं तर काय होतं?" माझा जीव भांड्यात पडला. हे तर त्याला पाठ होतं! पुंजाजीने डोळे मिटले, ओठ हलायला लागले. तो बाजाराच्या तोंडाशी असणार. गणपतमामा बरेच आत बसायचे.

"काय आखाडे," सर म्हणाले, "थैली आणलीत ना?"

पुंजाजीने डोळे उघडले. बाहेरच्या परीक्षकांना काही कळेना, तेव्हा सरांनी त्यांना सगळी गंमत रंगवून सांगितली आणि माझ्याकडे बोट दाखवलं, "हे बसलेत ते आमचे कलाकार." दोघेही मनापासून हसले. मग सर म्हणाले, "हं, चला. पोचलात का हळदीपर्यंत?" पुंजाजीने पुन्हा डोळे मिटले. मला त्याची मान मागून दिसत होती. ती घामाने भिजली होती. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. बाजारात त्याच्या सोबत आता आम्ही सगळे हसत उभे होतो, त्याला कुठून दिसणार मामा? "बाजार उठला वाटतं," सर म्हणाले आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं. माझं.

मी त्याच खुर्चीत बसलो. खुर्ची अजून गरम होती. सरांनी तोच प्रश्न मला विचारला. आणि मी हळदवाल्या मामांपाशी जाऊन घडाघडा बोललो. मळमळ, ओकारी, मंद नाडी, अडखळणारी नाडी, पिवळी नजर, साठत जाणारं औषध. "शाब्बास!" सर म्हणाले, "असं उत्तर पाहिजे." पुंजाजी दारापाशी चप्पल घालत होता. त्याने ऐकलं. मी मागे वळून पाहिलं नाही.

निकाल लागायच्या आत तो ट्रंक घेऊन गावी गेला. मला भेटला नाही, आणि मीही स्टँडवर गेलो नाही. पोरं दोन दिवस हळहळली. पुढे मी डॉक्टर झालो, एम.डी. झालो, एका कॉलेजात औषधशास्त्र शिकवायला लागलो. शिकवायचं काय? बाजारच. फळ्यावर बाजाराची आळी काढायची, एकेक माणूस बसवायचा. मुलं वह्यांत उतरवून घ्यायची, वरच्या वर्गाची मुलं खालच्यांना वह्या द्यायची. त्या वह्यांना नाव पडलं, 'सरांचा बाजार'. मी ते नाव पडू दिलं.

दहा-बारा वर्षांनी मेहकरला गेलो होतो. साखरखेर्ड्याकडे एका लग्नाला निघालो असताना वाटेतल्या एका गावात गाडी पाणी घालायला थांबली. समोरच्या घराच्या भिंतीवर खाकी कपड्यातला एक माणूस खडूने तारीख टाकत होता. हिवतापाचा सरकारी कामगार. घरोघर जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, बोटाला टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या. खांद्याला थैली होती. चाल पाहून मी ओळखलं.

"काय डाक्टर," तो म्हणाला, "बरं हाय ना?" आवाजात कसलंच किल्मिष नाही. ते असतं तर मला सोपं गेलं असतं. घरची चौकशी झाली. गणपतमामा गेले, म्हणाला, रहेमतबी अजून आहे. मग मला राहवेना. मी म्हटलं, "पुंजा, तुझा बाजार मी पोरांना शिकवतो रे."

"मालूम हाय," तो म्हणाला. "डोनगावचा एक पोरगा तुह्या कालेजात हाय. सुट्टीत आला, त त्यानं साऱ्या बजारात सांगतलं, आमच्या सराईनं लय भारी युक्ती काढली. कोंडाबाई त्याले म्हने, हे त आमच्या पुंजाचं हाय. त्याले पटलंच नाही."

मी विचारलं, "तेव्हा कधी सांगितलं नाहीस. त्या बाजारात मला कुठं बसवलं होतंस?"

तो एका तापकरी बाईच्या हातावर गोळ्या ठेवत होता. "माह्या समोर गीळ माय, मंग जातो," तो तिला म्हणाला. तिने गिळल्या, पाणी प्याली. मग तो माझ्याकडे वळला. "तुले कोठी बसवू बे? तू गिऱ्हाईक. थैली भरली का चालला." आणि पुढच्या घराची कडी वाजवायला गेला.

लग्नात माझं लक्ष नव्हतं. परत येताना मी ठरवलं, आता वर्गात त्याचं नाव सांगायचं. पुंजाजी आखाडे, मुक्काम डोणगाव. फळ्यावर लिहायचं, मोठ्या अक्षरांत. सोमवारी डिजिटॅलिसच शिकवायचं होतं. मी आळी काढली, हळदवाले गणपतमामा बसवले. मामा गेल्याचं माहीत असूनही बसवले. वर्ग नेहमीसारखा हसला, वह्या भराभर उघडल्या. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, हे सगळं तुम्हाला सुचलं कसं?"

तिच्या मागच्या बाकावर डोणगावचा तो मुलगा बसला होता. तो माझ्याकडे पाहत होता.

"सुचलं आपलं," मी म्हणालो, आणि फळ्याकडे वळलो.