कॅनमधला फेस

अप्पांच्या किडन्या थकल्यापासून आमच्या घरात लघवीच्या गप्पा चहासोबतच व्हायच्या. लाज कधीच गुंडाळून ठेवली होती. लघवीतून प्रोटीन किती जातं हे बघायला लातूरच्या डॉक्टरांनी एक मोठा पांढरा कॅन दिला. एक दिवस आणि एक रात्र, सगळी लघवी त्यात साठवायची. औषध लागू पडलं का नाही, ते त्यावरच कळणार होतं.

अप्पा एक नंबरचे आडमुठे. "गळ्यात इष्टलिंग हाय, अन् घरात मूत साठवू? जमायचं न्हाई." मी लई डोकं फोडलं. शेवटी मायनंच कॅन गोठ्यात नेऊन ठेवला. "तू नको बोलूस, मी बघते," म्हणाली. ती अनवाणीच चालली होती. जोडवी रुतायला लागली म्हणून तिनं ती काढून देवळीत ठेवली होती. सवाष्णीनं जोडवी काढली म्हणूनच नवऱ्याचं दुखणं वाढलं, असं गल्लीतल्या बाया कुजबुजायच्या.

दुसऱ्या दिवशी कॅन भरलेला होता. वर पांढरा फेस, साबणाच्या पाण्यावर येतो तसा. मी आंघोळ केली, चहा घेतला, परत येऊन बघते तर फेस तसाच. आमची गाय दिसेल त्यात तोंड घालणारी, ती त्या कोपऱ्याकडं पाठ करून उभी होती. प्रोटीन जास्त गेलं की असा फेस धरतो, हे डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून मला भ्याच वाटलं. एसटीत कॅन पिशवीत घालून पायांत धरला. आत सारखं डुचमळत होतं. शेजारची बाई म्हणाली, "ताक का?" मी हाव म्हणाले.

रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. प्रोटीन कमी व्हायचं सोडून वाढलं होतं. अप्पांचं तोंड उतरलं.

"ते ह्यांचं न्हाई," माय खाली बघत म्हणाली. "हे शेतातच जाऊन येत होते. कॅन रिकामा राहिला. तुम्ही रागवाल म्हणून मीच भरला. एकाच चुलीवरचं खातो, म्हणलं, काय फरक पडतोय."

अप्पा सुटल्यासारखे हसले. "म्हंजे माझं वाढलं न्हाई तर."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मायला पाय पुढं करायला लावला, सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबून धरला आणि काढला. खड्डा तसाच राहिला.

अप्पा खाली वाकले, आणि तो खड्डा बोटानं बुजवायला लागले.