दोरीच्या नऊ गाठी

मंडळी, आज दरबारच्या कचेरीत एक माणूस माझ्या चुकीची माफी मागून गेला.

तीन खात्यांच्या तारखांची एकच वही आहे आणि ती मी सांभाळतो. पोशेरा गावच्या भिवाच्या शेताची सुनावणी तीत लिहिली होती. त्याला अक्षर येत नाही, म्हणून मीच दोरीला नऊ गाठी मारून दिल्या. रोज एक सोडायची, शेवटची सुटली की यायचं.

मग जंगलखात्याने सुनावणी घेणाऱ्या साहेबांचा तो दिवस स्वतःच्या कामासाठी मागितला. मी सुनावणी दोन दिवस अलीकडे घेतली, वहीत लिहिली आणि भिवाला निरोप धाडायचा विसरलो.

परवा तो गैरहजर म्हणून शेत दुसऱ्याच्या नावावर झालं. आज तो मोकळी दोरी घेऊन आला.

शेजारचा कारकून म्हणाला, "दोन दिवस कुठं झोपला होतास रे?"

भिवा माझ्याकडे बघून ओशाळला. "मीच मोजाया चुकलो असंन, दादा. तुम्ही तं बरोबर बांधून दिल्या व्हत्या."

मी वही चाळत राहिलो. संध्याकाळी देवापुढे बसलो, पण हात जोडवेनात.

उद्या साहेबांना खरं सांगणार आहे. वाचनालयाच्या फळ्यावर हे लावलं ते एवढ्यासाठीच, की उद्या भेटाल तेव्हा मला विचारा, "सांगितलंस का?"