लाल रीळ संपलं त्या सकाळी

आमचे हे तीस वर्षं एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. काम एकच: खास प्लॅस्टिक वितळवायचं आणि ओढून त्याचे कागदासारखे पातळ चौकोन करायचे. द्रवस्फटिकी बहुवारिक म्हणतात त्याला. मला अजून एका दमात म्हणता येत नाही. वितळलं तरी त्याचे रेणू विंचरलेल्या केसांसारखे एकाच दिशेला राहतात म्हणे.

आता ओढ उभी कुठली नि आडवी कुठली, हे चौकोनाकडे बघून कळत नाही. शाई लावली तर नमुना बिघडतो. म्हणून हे कडेला भोक पाडून लाल दोरा बांधत, माझ्या शिवणाच्या डब्यातला. परदेशातले भागीदार तो बघून चौकोन यंत्रात लावत. तीन देशांचा कारभार, आणि भिस्त माझ्या रिळावर!

यंदा साहेबांनी शब्द दिला होता, निवृत्तीआधी शोधनिबंधावर तुमचं नाव घालू. तीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं. यांनी माझ्याकडून नवा सदरा शिवून घेतला.

आणि तिकडून निरोप आला: नमुना ओढताच टरकन फाटला, रेणूंची दिशा भलतीच. साहेबांनी काही न विचारता माफी मागितली, जुन्या मोजमापांवर निबंध धाडला आणि यांचं नाव उडवलं. माझा नुसता तिळपापड झाला. महिनाभर मी साहेबांपासून परदेशी मंडळींपर्यंत झाडून सगळ्यांचा उद्धार केला. हे मुकाट्यानं जेवायचे.

शेवटी मीच म्हटलं, कापडासारखा आडवा धरला असेल मेल्यांनी, विचारा तरी. यांनी लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं. लाल खूण सापडलीच नव्हती. एक पांढरा दोरा लोंबत होता, तो कापून टाकला. आता फाटून उरलेला तुकडा फिरवून पाहिला, तर आजवरचा सगळ्यात चांगला नमुना.

पांढरा. त्या सकाळी लाल रीळ संपलं होतं, आणि दोरा तो दोरा म्हणत मीच पांढरा हातात कोंबला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"बांधला मीच ना. वाटलं, कळेल त्यांना."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

"काय सांगू? बायकोनं पांढरा दिला म्हणून?"

खरं सांगते, मला यांचाच राग आला. एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर.

निबंध तोवर छापून झाला होता. बैल गेला नि झोपा केला, तशी मी बाजारातून लाल दोऱ्याची डझनभर रिळं आणून यांच्यापुढे ओतली. यांनी एक उचललं, टोक शोधलं, परत ठेवलं.

"तुझ्याच डब्यात टाक," म्हणाले. "शुक्रवारी शेवटचा दिवस आहे माझा."