निवारा वीस पावलं मागं

आळंदहून उमरग्याकडं जाणाऱ्या रोडवर आमच्या वस्तीच्या फाट्याला एक दगडी निवारा आहे. तीन भिंती, वर शहाबादी फरशी, आत लांब दगडी कट्टा. छप्पन साली आमचा भाग मैसूर राज्यात गेल्यावर दोन-तीन वर्षांत तो बांधला. त्यातला दगड न् दगड माझ्या अप्पानं घडवलेला, हे आधीच सांगून टाकतो. तेव्हा गावातल्या हॉटेलात आम्हाला बाहेर उभं राहून वेगळ्या कपात चहा मिळायचा. नव्यानं बौद्ध झालेले आम्ही आणि गावातले शेतकरी एका कट्ट्यावर बसायचो, ते फक्त या निवाऱ्यात.

मी बी.ए. झालो. आमच्या वस्तीत पहिलाच. त्याच सुमाराला रोड रुंद करायचं निघालं आणि निवाऱ्यावर चुन्याची फुली पडली. निवारा गेला की बस फाट्यावर थांबणार नव्हती. गावात, त्या हॉटेलापुढं जाऊन उभं राहावं लागणार होतं.

मी कन्नडमध्ये अर्ज लिहून इंजिनिअर साहेबांपुढं उभा राहिलो. साहेब म्हणाले, "आठ दिवसांत तुम्हीच वीस पावलं मागं बांधा. जमलं तर थांबा राहील."

अप्पाला सांगितलं तर म्हणाला, "मागं सरकवायला ती काय शेळी हाय व्हय?" पण दुसऱ्या दिवशी पहार घेऊन माझ्याआधी फाट्यावर हजर.

एकेक दगड उतरवताना मी त्यावर खडूनं नंबर घातला, वहीत नकाशा काढला. शिक्षणाचा उपयोग दाखवायची हौस होती. पाया खोदून होईपर्यंत दगड रोडला ठेवले असते तर खडी होऊन डांबराखाली गेले असते, म्हणून बैलगाड्यांतून वस्तीत नेले. कडा फुटू नयेत म्हणून मीच मधे कडबा घालायला लावला. गाडग्यांना घालतो तसा. खाली उतरवले तर एका दगडावर नंबर शिल्लक नव्हता. गाडीच्या हेलकाव्यात कडब्यानं सगळा खडू पुसून काढला होता.

"आता कामून गप?" गाडीवाला म्हातारा म्हणाला. "वहीला विचार की, पदवीधर."

लोक हसले. मला मान वर करवेना. अप्पा मात्र ढिगापाशी उकिडवा बसला आणि दगडांवरून तळवा फिरवायला लागला.

"ह्यो डाव्या कोपऱ्याचा. हितं माझी छिन्नी घसरली होती. ह्यो खालच्या थराचा. उन्हाळ्यात घडवलेला, घाईत हाय बघ."

तो सांगत गेला, मी कोळशानं नंबर घालत गेलो. पाया झाल्यावर दगड कडबा न घालता फाट्यावर परत नेले आणि रचले. एकही दगड चुकला नाही. छपराच्या फरश्या उचलायला माणसं कमी पडली, तेव्हा गावातले चौघं शेतकरी न बोलावता आले. "कट्टा आमचाबी हाय की," एक जण म्हणाला आणि खांदा दिला.

आठव्या दिवशी साहेबांनी ओळंबा सोडून भिंती तपासल्या आणि थांबा राहू दे म्हणून कागदावर सही केली.

दुपारची बस नव्या जागेपुढं थांबली. एक बाई उतरली, कट्ट्यावर बसून गाठोडं नीट बांधलं आणि वस्तीच्या वाटेला लागली. आजूबाजूला तिनं बघितलंसुद्धा नाही.

अप्पानं मला कोपरानं ढोसलं. "बघितलास? तिला कळलंबी न्हाई."