काहून आणि काहनूं

लाहोरच्या जुन्या पंजाबी सिनेमांत गाणारी एक पार्श्वगायिका मूळची नागपूरकडचीच आहे, असा माझ्या आईचा पन्नास वर्षांचा ठाम समज होता. पुरावा एकच. त्या बाईंच्या एका गाण्यात मुखडा संपता संपता एक लांबवलेला शब्द येतो, आणि तो आईला स्वच्छ 'काहून' असा ऐकू यायचा. 'का' विचारायचं तर 'काहून' म्हणणारी माणसं फक्त आमच्याकडे असतात, त्यामुळे तिच्या लेखी विषय संपलेला होता.

हे वेड घरात आणलं बाबांनी. नागपूरच्या इतवारी बाजारात एका पंजाबी कापड व्यापाऱ्याकडे ते पस्तीस वर्षं कामाला होते. शेठजींनी दिलेल्या लाहोरच्या उर्दू आणि पंजाबी गाण्यांच्या कॅसेटा रविवारी सकाळी आमच्याकडे ओळीने लागत. त्यातला एकही सिनेमा आम्ही पाहिलेला नाही. पडद्यावर ओठ कोण हलवत होतं, हे मला आजही माहीत नाही. आमच्यासाठी गाणारी बाई हीच नायिका.

ते गाणं लागलं की भांडणही लागायचं.

"अवं, ते काहनूं म्हणते. पंजाबीत काहूनले काहनूं म्हणतात," बाबा सांगत.

"मले नका शिकवू. आपल्याइकडची आहे ते."

"मग बाकीचं गाणं काहून समजत नाही तुले?"

"इतके वर्षं तिकडे राहून भाषा बिघडली असन तिची."

यावर बाबा कॅसेटची बाजू बदलत. मी लहानपणी आईच्या बाजूने होते, कारण पोळ्या तिच्या हातात होत्या.

बाबा जाऊन तीन वर्षं झाली. आता मी आणि आई नागपूरच्या बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये दोघीच असतो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, ती दिवसभर घरी. तिचे कान बाबा होते तेव्हापासूनच उतरत चालले होते, मागच्या वर्षी तर पारच गेले. मी कानाचं मशीन करून आणलं. तिने ते डबीसकट कपाटात साड्यांखाली ठेवलं. "मले काही झालं नाही. तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता," हा तिचा निकाल.

मला भीती तिच्या कानांची नव्हती, ती गप्प होत चालली होती त्याची होती. भाजीवाल्याशी अर्धा तास वाद घालणारी बाई खाली बाकावर जाऊन बसेनाशी झाली. जेवताना माझ्यासमोर ताटात बघत बसायची. असंच चाललं तर डोकंही हळूहळू साथ सोडेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी विनवण्या केल्या, रुसले, ओरडले. ओरडावं तर तसंही लागतच होतं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ती मेथी निवडत बसली होती. मी मोबाईलवर ते गाणं मोठ्याने लावलं. तिला ढोलक तेवढी जाणवली असावी.

"कोणतं वं हे?"

मी ओरडून सांगितलं.

"हां. आपली नागपूरवाली."

त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. गॅस संपला होता आणि कामवाली बाई आली नव्हती. मी म्हणून गेले, "बाबाच खरं बोलत होते, आई. ती काहनूंच म्हणते."

हे मात्र तिला मशीनशिवाय ऐकू आलं. मेथीची जुडी खाली ठेवत ती म्हणाली, "मोठी आली बाबाची वकील. आण ते मशीन. दाखवते तुले."

मी धावतच गेले. मशीन आधी शिट्टी वाजवायला लागलं, मग तिला आमचा पंखा ऐकू आला आणि तिने त्यालाच नावं ठेवली. मी मोबाईल तिच्यापाशी धरला. गाणाऱ्या बाईंचा तो भरदार, थोडासा हट्टी आवाज वाद्यांच्या आधीच सुरू होतो. आईने डोळे मिटले. तो शब्द आला आणि गेला.

"पुन्हा लाव."

तीनदा लावलं. तिसऱ्या वेळी तिचे ओठ बाईंबरोबर हलले, आणि शेवटचं अक्षर तिच्या नाकातून निघालं.

"नूंच म्हणते वं," ती म्हणाली.

मला हसू आवरेना. पन्नास वर्षांचा खटला सकाळी साडेनऊला मेथीच्या ढिगापुढे निकाली निघाला होता. "मग बाबा जिंकले," मी म्हटलं.

ती हसली नाही. मेथीची काडी मोडत राहिली.

"शेवटी शेवटी खूप बोलत तुह्ये बाबा. तू कॉलेजात जाय, अन् ते खाटेवर पडल्या पडल्या हळू आवाजात बोलत राहत. मले ऐकूच येत नव्हतं. मी नुसतं हो हो करत होती." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "काय काय बोलले असतीन?"

सगळं मला कुठून माहीत असणार? पण एक गोष्ट बाबांनी खरोखरच मला सांगितली होती, आणि तिला सांगायची नाही अशी ताकीदही दिली होती. ती मी त्या सकाळी मोडली. तिच्या कानाशी वाकून, सवयीने सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "ते म्हणाले होते, इतके वर्षं तुझं ऐकून ऐकून आता त्यांनाही काहूनच ऐकू येतं."

आईने दचकून कानावर हात ठेवला. तिचे डोळे भरले होते.

"हळू बोल वं," ती म्हणाली. "ऐकू येऊन राहिलं मले."